खतखत्यात आंबट कधी घालायचं

माझं माहेर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळ आणि सासर गोव्यातल्या पेडण्यात. मधे तेरेखोल नदी आणि राज्याची हद्द. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला सासूबाईंनी खतखत्याचं टोप चुलीवर चढवलं. भाज्या पडल्या, तशी मी आमसुलांची वाटी उचलली. त्या म्हणाल्या, "पयलीं शिजूं दी, मागीर सोलां घाल." माझी आई हेच मालवणीत म्हणायची, "आधी शिजांदे, मगे सोलां घाल." दोन राज्यं, दोन बोली, आणि सूचना मात्र एकच: आंबट आधी पडलं तर भाज्या शिजत नाहीत.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आघाडी सरकार, भाषावार प्रांतरचना हे धडे आले की एक प्रश्न दरवर्षी येतो: "बाई, तडजोड म्हणजे हरणंच ना?" प्रश्न साधा नाही. घरात, बातम्यांत, सभांत मुलांच्या कानावर हेच पडत असतं. झुकणारा तो कमकुवत, न झुकणारा तो खरा. बरीच वर्षं मी व्याख्या सांगून पाहिली. आता मी खतखत्यापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यांनी खाल्लेलं असतं.

ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सणाला, देवळातल्या उत्सवाला, नैवेद्याच्या पानावर ही पातळसर मिश्र भाजी असते. कांदा-लसूण नाही. सुरण, कच्ची केळी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मुळा, रताळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, मिळाला तर नीरफणस. सोबत तूरडाळ, ओल्या खोबऱ्याचं लाल मिरच्या घालून वाटलेलं वाटण, गूळ, आमसुलं आणि तिरफळं. शिजताना खतखत आवाज येतो, नावही त्याच आवाजाचं. आमच्या घरी भाज्या विषम संख्येत घ्यायची पद्धत आहे: पाच, सात, कधी अकरा.

या भाज्यांचं एकमेकींशी जमण्यासारखं काही नाही. भोपळा पाच मिनिटांत विरघळायला लागतो, सुरणाला वेळ लागतो. मुळ्याला उग्र वास आहे. रताळं गोड. शेंगेचं साल शेवटपर्यंत चिवटच. हे सगळं एकाच वेळी टोपात लोटलं तर भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चा राहतो. म्हणून क्रम लागतो. कठीण आधी, मऊ मागून.

आंबटाचं कारण शास्त्रातलं आहे आणि मला ते फार आवडतं. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. उष्णतेने ते सैल पडतं आणि भाजी मऊ होते. पाणी आंबट असेल तर ते सैल पडायला कितीतरी जास्त वेळ लागतो. डाळीचंही तसंच. आमसूल चवीला हवंच, त्याशिवाय खतखतं सपक. पण ते सुरुवातीला टाकलं तर प्रत्येक भाजी आपापल्या जागी ताठ राहते आणि तासभर जाळ घातला तरी हलत नाही.

मग सुरणाचं काय? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून खाज सुटते. ही खाज मारायला आंबटच लागतं. त्यामुळे सासूबाई सुरणाच्या फोडी आधी वेगळ्या वाडग्यात सोलांच्या पाण्यात ठेवतात, तासाभराने निथळून घेतात, आणि मगच तो सगळ्यांबरोबर टोपात येतो. जो खाजवणार हे ठाऊक आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोलून घ्यायचं, चारचौघांत नाही. राजकारणात मोठ्या बैठकीच्या आधी ज्या बंद दाराआडच्या भेटी होतात त्यांना आपण सरसकट कारस्थान म्हणतो. काही असतातही. पण सगळ्यांसमोर एकदा "हे मी कधीच मान्य करणार नाही" असं म्हटलं की माणसाला मागे फिरणं जवळजवळ अशक्य होतं. खाजगीत तो "एवढं मिळालं तर बघतो" असं म्हणू शकतो.

आता तडजोड या शब्दाकडे येते, कारण आपण तीन वेगळ्या गोष्टी त्याच नावाने ओळखतो. एकमत म्हणजे सगळ्यांना तेच हवं असणं. तिथे कुणाला काही सोडावंच लागत नाही. सौदा म्हणजे माझ्या परसातले नारळ तुला, तुझ्या शेतातले तांदूळ मला; जे जास्त होतं तेच दिलं. तडजोड या दोन्हींहून अवघड आहे. मला जे हवं आहे आणि जे मला अजूनही योग्य वाटतं त्यातलंच काही मी सोडते, कारण तुझ्याबरोबर एकाच गावात राहायचं आहे, आणि तूही तसंच सोडतोस. सही झाल्यावरही दोघांचं मत तेच असतं. हे मुलांना पटवायला सगळ्यात वेळ लागतो. तडजोड करणाऱ्याने मत बदललेलं नसतं, त्या मतासाठी किती ताणायचं एवढंच ठरवलेलं असतं. शिजलेलं रताळं गोडच लागतं आणि मुळा मुळ्यासारखाच. चमच्यात काय आलं ते डोळे मिटून सांगता येतं.

पेडण्यात राहून उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. आमचा तालुका अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांच्या राज्यात होता, मग पोर्तुगिजांकडे गेला. रोटीबेटीचे व्यवहार हद्द ओलांडून चालूच राहिले. माझं लग्न त्यातलंच. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि लगोलग प्रश्न उभा राहिला: आता हा प्रदेश कुणाचा? महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? डिसेंबर १९६३च्या पहिल्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्याला विलीनीकरण हवं होतं. समोर जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष, त्याला ते नको होतं. वरवर वाद भाषेचा होता: कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली? आत मात्र बरंच काही होतं. बहुजन समाजातल्या कित्येकांना मराठी ही आपल्या भजनाची, पोथीची, शाळेची भाषा वाटायची आणि महाराष्ट्रात गेलं की जमीनदारांच्या कचाट्यातून सुटू अशी आशा होती. कित्येक ख्रिस्ती आणि हिंदू गोवेकरांना भीती होती की एवढ्या मोठ्या राज्याच्या कोपऱ्यात आपण दिसेनासे होऊ. मला दोन्ही बाजू कळतात. ज्यांना फक्त एकच कळते त्यांनी दुसऱ्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून एक दुपार काढावी.

१६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याआधी राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला निवडून दिलं. म्हणजे ज्या पक्षाची मुख्य मागणी नाकारली, कारभार त्याच्याच हाती दिला. वर्गात हे सांगितलं की मुलं म्हणतात, "लोक गोंधळले असतील." मला तसं वाटत नाही. घर कुणाचं हा प्रश्न वेगळा आणि घर कुणी चालवावं हा वेगळा, हे त्या मतदारांनी ओळखलं होतं. हरलेला पक्षही रुसून बाहेर पडला नाही, त्याने राज्य चालवलं. मतदानाने तोडलेल्या प्रश्नाला तडजोड म्हणता येत नाही, कारण एक बाजू जिंकते आणि एक हरते. पण हरलेल्यासाठी पानावर जागा ठेवली की पुढच्या तडजोडीला वाव राहतो.

त्या कौलाने भाषेचा प्रश्न सोडवला नाही. तो त्यात विचारलेलाच नव्हता. घटक राज्याचाही पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. एका वेळी एकच भाजी टोपात टाकली, हे मला शहाणपणाचं वाटतं. मात्र पुढची टाकायला फारच उशीर झाला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली तरी राजभाषेचं ठरत नव्हतं. १९८५-८६ मध्ये आंदोलन पेटलं, डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचारात माणसं मेली. झाकण घट्ट बसवून टोप विसरलं की ते उतू जातं, आणि उतू गेलेलं चुलीवर पडतं. मेलेल्या माणसांच्या घरच्यांना हा दृष्टांत पुरणार नाही याची मला जाणीव आहे.

फेब्रुवारी १९८७ मध्ये विधानसभेने राजभाषा कायदा केला. त्याची शब्दरचना मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. राजभाषा कोंकणी, कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी, आणि मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी करता येईल. दमण आणि दीव तेव्हा बरोबर होते, त्यांच्यासाठी गुजरातीची तशीच सोय. मग विचारते, कुणाला काय मिळालं आणि कुणी काय सोडलं? कोंकणीवाद्यांना राजभाषेचं नाव मिळालं, पण कार्यालयात एकटीचा अधिकार मिळाला नाही. मराठीवाद्यांना वापर मिळाला, नाव मिळालं नाही. रोमी म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्या, मुख्यतः ख्रिस्ती समाजाला भाषा मिळाली, पण त्यांची लिपी कायद्याच्या बाहेर राहिली. त्यांची प्रार्थना, त्यांची तियात्र ही नाटकं, कित्येक पिढ्यांचं लेखन त्या लिपीत आहे, आणि कोंकणीच्या लढ्यात तेही होते. माझ्या मते या तडजोडीत सगळ्यात जास्त सोडावं लागलं ते त्यांना, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. मी मराठीत शिकवते आणि मराठीवर माझा जीव आहे, तरी हे म्हणते. मराठीला पूर्ण राजभाषेचा दर्जा हवा ही मागणीही अजून जिवंत आहे.

तरीही त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं आणि भाषेवरून पुन्हा तशी माणसं मेली नाहीत. माझ्या शेजारच्या घरात सकाळी मराठी वर्तमानपत्र येतं, त्यावरची चर्चा कोंकणीत होते, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी रोमी लिपीतलं प्रार्थनेचं पुस्तक वाचतात. यांच्यापैकी कुणीही त्या कायद्यावर पूर्ण खूश नाही.

आता न टिकलेली तडजोड, तिच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. १९५५-५६ मध्ये मुंबई कुणाची हा प्रश्न होता. महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं करून मुंबई केंद्राकडे ठेवायची असं आधी ठरलं, तेव्हा केंद्रातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. ते मूळचे आमच्या कोकणातलेच, महाडजवळच्या नाते गावचे. मग दिल्लीने उपाय काढला की मराठी आणि गुजराती सगळे एकाच राज्यात ठेवू. १ नोव्हेंबर १९५६ला कच्छपासून विदर्भापर्यंतचं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. कागदावर ते अगदी समतोल दिसत होतं: कुणालाच मुंबई एकट्याला नाही, म्हणजे कुणावरच अन्याय नाही. पण इकडे संयुक्त महाराष्ट्र समितीला ते नको होतं आणि तिकडे महागुजरातवाल्यांनाही नको होतं. ते ज्यांनी खायचं त्यांना न विचारता सगळं पाट्यावर एकत्र वाटलं होतं, आणि वाटलेल्यात कुणाला आपली चव सापडेना. साडेतीन वर्षांत, १ मे १९६०ला ते मोडलं. त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली. नंतर झालेली वाटणी हीसुद्धा तडजोडच होती: मुंबई महाराष्ट्रात, डांग गुजरातेत, गुजरातला नवी राजधानी उभारायला आर्थिक तरतूद. ती मात्र टिकली, कारण दोघांनाही नकाशावर आपलं घर ओळखता येत होतं.

त्याच काळातला एक तुकडा कोकणच्या माणसाने जरूर वाचावा. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून २८ सप्टेंबर १९५३ला नागपूर करार झाला. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होतं ते त्यामुळेच. पुढे घटनेच्या ३७१व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली आणि १९९४ मध्ये मंडळं स्थापन झाली. तीन मंडळं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकण त्या "उर्वरित"मध्ये. पुणे, कोल्हापूर, नाशिक यांच्याबरोबर एकाच टोपात, नावाशिवाय. स्वतंत्र कोकण मंडळाची मागणी त्यातूनच येत राहिली. माझे काका गिरणीत कामाला मुंबईला गेले, त्यांच्यामागून अर्धी वाडी गेली. घरी येणाऱ्या मनीऑर्डरींवर आम्ही वाढलो. जो बैठकीत नव्हता त्याच्या वाट्याला "इत्यादी" येतं, हे मला त्या शब्दाने शिकवलं. तडजोड वाचताना म्हणूनच मी आधी बघते की तिथे बसलं कोण होतं.

आणि एक गोष्ट खतखत्याने समजावता येत नाही, ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भोपळ्याला अपमान कळत नाही, माणसाला कळतो. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, पाणी प्याली. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली आणि मुंबई उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला. इथे मधला मार्ग कोणता काढणार होते? ओंजळीऐवजी अर्धी ओंजळ? माणसाने माणूस असण्यावर तडजोड होत नाही. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तिथे कुणालाही पंधरा वर्षांची सवलत दिलेली नाही. आणि ज्या देवळांतल्या खतखत्याची मी एवढी थोरवी सांगते आहे, त्यांतल्या कित्येकांच्या टोपापर्यंत पोचायला एके काळी गावातल्या सगळ्यांना परवानगी नव्हती. वर्गात मी हे गाळत नाही. टोपात काय घालायचं यावर चर्चा करता येते. चुलीजवळ कोण बसू शकतं हे त्याआधीच ठरलेलं असायला हवं, आणि त्याचं उत्तर "सगळे" हेच.

राहिली तिरफळं. ती सगळ्यात शेवटी पडतात, बिया काढून, किंचित ठेचून. चुकून चावली तर जीभ बधिर होते, म्हणून जेवताना पानाच्या कडेला काढून ठेवायची. गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारलं, खायचीच नाहीत तर घालता कशाला? सासूबाईंनी तिला एक वाटी तिरफळांचं आणि एक वाटी तिरफळं पडायच्या आधी बाजूला काढलेलं खतखतं दिलं. तिने दोन्ही चाखली आणि दुसरी वाटी परत केली.

दुसऱ्या दिवशी खतखतं आणखी मुरतं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी डबा भरते आणि किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्यामार्गे माहेरी नेते. आई झाकण काढते, वास घेते, बोटाने चाखते. "गूळ जास्त पडलो," म्हणते. मग स्वतःची वाटी पुढे करते.